आठ महिने व्हीईजीएफ-१६५ वापरल्यानंतर

व्हीईजीएफ-१६५ या प्रथिनाची पहिली व्हायल (छोटी काचेची बाटली) उजेडात धरली तेव्हा रिकामीच वाटली. १० मायक्रोग्रॅम पावडर म्हणजे तळाशी एक धुरकट पापुद्रा, तोही दिसला तर दिसला. उघडण्याआधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करून घ्या. झाकणाला चिकटलेला कण उडाला तर पैसे गेलेच, शिवाय कॉन्सन्ट्रेशनचा हिशोबही कायमचा चुकतो.

मी पुण्यात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर काम करते. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ आईच्या लेखी संमतीने आमच्याकडे येते. तिच्या शिरेतून पेशी काढायच्या आणि पाचव्या पॅसेजपर्यंतच (म्हणजे पाचव्यांदा नव्या भांड्यात वाटून वाढवेपर्यंत) वापरायच्या. या पेशींना वाढायला, सरकायला, नळ्या विणायला सांगणारं प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. आमचं रिकॉम्बिनंट आहे, म्हणजे माणसाचा जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून बनवलेलं, आणि कॅरियर-फ्री, म्हणजे त्यात आधाराला घालतात ते बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) नसलेलं.

पहिले दोन महिने हातात काहीच लागलं नाही, आणि दोष मालाचा नव्हता. मी स्टॉक साध्या पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) पातळ करून ठेवत होते. इतकं विरळ प्रथिन ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटून बसतं आणि पेशींपर्यंत नुसतं पाणी पोचतं. आता ०.१ टक्का बीएसए घातलेल्या पीबीएसमध्ये १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचा स्टॉक करते, हलक्या हाताने फिरवून; व्हॉर्टेक्सला (जोरात घुसळणाऱ्या यंत्राला) लावत नाही. प्रथिन कमी चिकटणाऱ्या लो-बाइंड ट्यूबमध्ये ५-५ मायक्रोलिटरचे अलिकॉट (एकेका वापरापुरते वाटे), उणे ८० अंशांना. एका अलिकॉटमध्ये ५० नॅनोग्रॅम प्रति मिलीने १० मिली मीडिया (पेशींचं खाद्य-द्रावण) होतो, एका २४ खाचांच्या प्लेटला पुरतो. उरलेलं परत गोठवत नाही, कितीही जीव तुटला तरी.

त्यानंतरही कंट्रोल (व्हीईजीएफ न घातलेल्या पेशी) आणि ट्रीटमेंट (घातलेल्या) सारखेच येत राहिले. शेवटी आमच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "सप्लिमेंटच्या पाकिटावरची यादी वाचलीस का गं?" या अस्तराच्या पेशींच्या म्हणजे एन्डोथेलियल मीडियाच्या सप्लिमेंटमध्ये व्हीईजीएफ आधीच असतं! पेशी रोज जे खात होत्या तेच मी वरून थोडं वाढत होते. आता प्रयोगाआधी त्यांना व्हीईजीएफ नसलेल्या, कमी सीरमच्या मीडियात रात्रभर उपाशी ठेवते. तसं केल्यावर पाचव्या मिनिटाला फॉस्फो-व्हीईजीएफआर२चा (म्हणजे व्हीईजीएफ मिळून जागा झालेल्या रिसेप्टरचा) बँड असा ठसठशीत आला की मी जेल डॉकसमोर (बँडचा फोटो काढणाऱ्या यंत्रासमोर) उभ्या उभ्या रडले. नळ्यांच्या प्रयोगातही हाच धडा: साध्या मॅट्रिजेलवर (प्रथिनांच्या जेलीवर) पेशी काही न घालताही जाळं विणतात, म्हणून ग्रोथ फॅक्टर कमी केलेलंच घ्या.

माझ्या मते या प्रथिनाची खरी ताकद दिसते ती गळतीच्या प्रयोगात. ट्रान्सवेलवर (तळाला सच्छिद्र पडदा असलेल्या कपात) पेशींचा सलग थर आणि वर फ्लुरोसंट डेक्स्ट्रान, म्हणजे चमकणारी मोठी साखर. व्हीईजीएफ घातलं की पेशींमधले सांधे सैलावतात आणि खालच्या कप्प्यातली चमक वाढते. १९८३मध्ये सेंगर, ड्वोरॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूचं वर्णन केलं तेव्हा त्याचं नावच व्हॅस्क्युलर परमीएबिलिटी फॅक्टर होतं. व्हीईजीएफ हे नाव १९८९चं.

मात्र माल जिवाणूतून आलेला असल्याने एंडोटॉक्सिनचा (जिवाणूच्या आवरणातल्या विषाचा) आकडा प्रत्येक लॉटच्या, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाच्या, सर्टिफिकेटवर बघतेच. या पेशी एंडोटॉक्सिननेही चेकाळतात आणि गळतात. म्हणून उकळून मारलेल्या व्हीईजीएफचा कंट्रोल ठेवते. उष्णतेने प्रथिन मरतं, एंडोटॉक्सिन मात्र बरंचसं टिकतं. उकळलेल्या नमुन्यानेही परिणाम दिसला तर तो परिणाम व्हीईजीएफचा नव्हे. नवा लॉट आला की जुन्याशेजारी लावून डोस कर्व्ह (किती डोसला किती परिणाम याचा आलेख) काढते. माझ्याकडे तीन लॉट झाले. दोन तंतोतंत, तिसऱ्याला दीडपट डोस लागला. पुरवठादाराने दुसऱ्यांदा पार्सल पाठवलं तेव्हा आतले आइस पॅक कोमट झालेले होते, पण कोरडी पावडर तेवढं सोसते. त्या लॉटने उत्तम काम केलं.

व्हायलवर "फक्त संशोधनासाठी" असं लिहिलेलं असतं, ते अक्षरशः घ्या. माझ्या आजीच्या डोळ्यात नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत आणि त्याच व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शन ती महिन्याला घेते. परवा तिने विचारलं, "तू दिवसभर तेच का बनवत बसतेस मग?" मी तिला ट्रान्सवेलचं चित्र काढून दाखवलं. सांधे सैल का होतात ते कळलं तर तुझ्या डॉक्टरांना ते घट्ट करायचा आणखी एखादा मार्ग सापडेल, असं म्हटलं. तिने तो कागद चष्म्याच्या डबीत ठेवलाय.

पुढची ऑर्डर याच मालाची दिली आहे, या वेळी तिन्ही व्हायल एकाच लॉटच्या मागितल्यात.