उतारावरची चराई: झुडपांचा पाला की वाळलेले गवत?

हंगाम सरल्यावर डोंगरउतारावरचे गवत पिकून वाळते, तेव्हा त्यातील प्रथिने शुष्क वजनाच्या 3 ते 5 टक्क्यांवर येतात. शेळीच्या कोठीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, चारा पचवणाऱ्या जिवाणूंना मात्र साधारण 7 टक्के तरी लागतात, म्हणून पोट भरूनही शेळी खंगते. त्याच उतारावरच्या झुडपांची मुळे खोल असल्याने त्यांचा पाला बराच काळ हिरवा राहतो आणि त्यात पुष्कळदा 10 ते 15 टक्के प्रथिने असतात. शिवाय शेळी मागच्या पायांवर उभी राहून, लवचिक ओठाने काट्यांमधली कोवळी पाने तेवढी खुडते आणि जाड काडी सोडते; फांदी सरसकट दळून काढलेला प्रयोगशाळेतला आकडा म्हणूनच तिच्या खऱ्या आहारापेक्षा कमी भरतो.

अडचण टॅनिनची, म्हणजे झुडपांच्या पाल्यातील तुरट द्रव्याची आहे. थोडे असले तर ते प्रथिने कोठीपोटात वाया जाऊ देत नाही, पण 5 टक्क्यांच्या बरेच वर गेले की तेच प्रथिने जखडून ठेवते व खाणेही मंदावते. गवतात ते नगण्य असते. तरीही कोरड्या दिवसांत मी झुडपांनाच झुकते माप देईन. अट एवढीच, की कळप एकाच जातीच्या झुडपावर न अडकता मिश्र पाल्यावर फिरता राहावा.