सेकंडहँड पोलो टीएसआय, रोज मुलुंड ते बीकेसी

वापरलेली फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) मॅन्युअल घेतली आणि गाडी मनापासून आवडलीये. ११० पीएस पॉवर, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, त्यामुळे ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला जरा मोकळा रस्ता मिळाला की तिसऱ्या गिअरमध्येच ओव्हरटेक होऊन जातो, आणि चुनाभट्टीच्या फ्लायओव्हरवर तर रोज मजा येते राव. ट्रॅफिकमध्ये मॅन्युअलने डावा पाय भरून येतो हे खरं, पण पोलोच्याच जुन्या १.२ जीटी टीएसआयच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ड्राय क्लच (तेलात न बुडवलेला) असतो, बंपर टू बंपरमध्ये तो तापतो, म्हणून ती घेत असाल तर आधी गिअरबॉक्स नीट चेक करून घ्याच. मागे तिघं बसणार असतील तर जागा कमी पडते.

मुंबईतली गाडी आहे, पावसात बुडाली होती का हे आधी बघा! कार्पेट उचला, सीटखालच्या रेलला गंज आहे का बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाचे डाग लपत नाहीत. आरसीवर बँकेचं लोन, पेंडिंग ई-चलान, सगळं क्लिअर झाल्याशिवाय टोकन देऊ नका. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, आणि जिचे बरेच पार्ट्स हिला लागतात ती फोक्सवॅगनचीच व्हेंटो सेडानही आता बंद आहे, तरी मी तरी बिनधास्त घ्या म्हणेन.