होल्डिंग टँकचा वास: कोळशाचा फिल्टर, एअर पंप, नायट्रेट आणि व्हेंट, वर्षभराच्या वापरानंतर

बोटीवरच्या संडासाचा मैला होल्डिंग टँकमध्ये साठतो, आणि त्या टाकीत हवा ये-जा करायला व्हेंटची नळी असते. टाकीच्या वासावर त्या नळीत बसवायचा कोळशाचा फिल्टर कुणी सुचवला तर घेऊ नका. शंभर डॉलरच्या वर पैसे गेले. सुरुवातीला बरं वाटलं. मग एकदा वाऱ्यात बोट चांगलीच कलली, भरत आलेल्या टाकीतलं पाणी व्हेंटमध्ये चढलं आणि कोळसा भिजला. भिजलेला कोळसा वास शोषत नाही, उलट हवा अडवतो. पुढच्या पंपआउटला, म्हणजे धक्क्यावरच्या मशीनने टाकी उपसताना, मशीनचा आवाज बदलला, उपसा थांबला आणि झोपायच्या बर्थखालची प्लॅस्टिकची टाकी आत ओढली गेलेली दिसली. जेवढं बाहेर उपसायचं तेवढी हवा आत यावी लागते, आणि तिची वाटच बंद झाली होती. झटकन मशीन बंद केलं म्हणून टाकीचा जोड वाचला. कंपनीचं उत्तर आलं, भिजलेला फिल्टर वॉरंटीत बसत नाही. मैल्याच्या टाकीच्या व्हेंटमध्ये बसवायची वस्तू कधी भिजणारच नाही, असं धरून ती विकायची, याचा मला अजून राग येतो.

बोट अमेरिकेत सिअ‍ॅटलला, लेक युनियन या गोड्या पाण्याच्या तळ्यात असते. टाकी टाळायची सोय इथे नाही. प्युजेट साउंड ही इथली समुद्राची खाडी २०१८ पासून नो-डिस्चार्ज झोन आहे, लेक युनियन आणि लेक वॉशिंग्टनही त्यातच येतात. प्रक्रिया केलेला मैलासुद्धा पाण्यात सोडायचा नाही. मला हा नियम पूर्ण मान्य आहे, याच पाण्यातले शिंपले आणि कालवं लोक खातात. शिवाय १९९२ च्या क्लीन व्हेसल अ‍ॅक्ट या अमेरिकी कायद्याच्या निधीमुळे बऱ्याच ठिकाणी पंपआउट फुकट होतं. पैसे जातात ते वास घालवायच्या नादात.

हवा मिळाली की टाकीतले जिवाणू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याला वास नाही. हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच सडक्या अंड्यांचा वास. फॉर्माल्डिहाइडचं निळं औषध दोन्ही जातींना मारतं आणि वर अत्तर शिंपडतं. त्यावर मी पुन्हा पैसे घालणार नाही.

आता व्हेंट. आमची मूळ नळी १६ मिलिमीटरची, लांबलचक आणि मध्ये लोंबलेली. त्या लोंबलेल्या भागात पाणी साचून हवेचा रस्ता बंद. त्याहून वाईट म्हणजे बोटीच्या बाहेरच्या फिटिंगमधली जाळी. अशी फिटिंग असते इंधनाच्या टाकीसाठी. तिथे ज्वाला आत शिरू नये म्हणून जाळी लागते. मैल्याच्या टाकीला तिचा काडीचाही उपयोग नाही, तरी जुन्या बोटींवर सर्रास तीच बसवलेली सापडते. मीठ, कोळिष्टकं, कागदाचे तंतू, सगळं तिथेच अडकतं. बाहेरून भोक स्वच्छ दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. हे वाचून दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण बोटीवर जाल तेव्हा त्या भोकात तार घालून पाहा, आणि जाळी असेल तर काढून टाका. नंतर जमेल तेव्हा नळी आखूड, सतत चढती आणि किमान २५ मिलिमीटरची करा. ३८ ची बसली तर उत्तमच.

मी आधी आणला १२ व्होल्टचा एअर पंप, मत्स्यपेटीच्या पंपासारखा, टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारा. पहिले काही दिवस वास वाढतो, कारण पाण्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो. तेव्हा सगळे हॅच, म्हणजे छतावरची झाकणं, उघडे ठेवा आणि नाकावर भिस्त ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की वास येणंच बंद होतं. त्यानंतर तळ्यात, किनाऱ्याच्या विजेवर पंपाने चोख काम केलं. एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर पंपाला पाचपैकी पाच दिले असते.

उन्हाळ्यात बॅलार्डच्या लॉकमधून, म्हणजे तळं आणि समुद्र यांमधल्या पाण्याच्या दरवाजांतून, समुद्रात उतरून सॅन वान बेटांकडे गेलो आणि वास परतला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं, तळ्यात त्याच्या तुलनेत नगण्य. संडासात समुद्राचं पाणी ओढलं की हायड्रोजन सल्फाइड करणाऱ्या जिवाणूंना खाऊच मिळतो. नांगरावर बॅटरी जपायची म्हणून पंप रात्री बंद, आणि चालू ठेवला तर घरघर थेट उशाखाली. नवऱ्याने कॅल्शियम नायट्रेटची पूड आणली, जिला मी आधी निळ्या औषधाच्याच पंगतीत बसवलं होतं. ते मत मी बदललं आहे. हवा नसेल तेव्हा जिवाणू सल्फेटच्या आधी नायट्रेट वापरतात, त्यामुळे तो वायू तयार होत नाही. खाऱ्या पाण्यात पूड घेते, तळ्यात नाही. ऑगस्टमध्ये व्हेंटची नळी रुंद केल्यापासून पंप बहुतेक बंदच असतो.

सकाळच्या पहिल्या फ्लशला येणारा वास टाकीचा नसतो. फ्लशसाठी बाहेरचं पाणी आत आणणाऱ्या नळीत रात्रभर अडकलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात. आम्ही बेसिनच्या निचऱ्याची नळी टी आकाराचा जोड लावून त्या नळीला जोडली. बोट सोडताना बाहेरचं पाणी आत घेणारा कॉक बंद करून बेसिनभर गोडं पाणी पंपाने ओढून घेतो.

इतकं करूनही केबिनमध्ये वास राहिला तर नळ्या तपासा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती गुंडाळायचं, गार झालं की हुंगायचं. फडक्याला वास लागला असेल तर नळीतून झिरपतंय. चांगली सॅनिटेशन होज फुटाला दहा डॉलरच्या पुढे जाते, म्हणून जिथे सरळ रस्ता आहे तिथे कडक पीव्हीसी पाइप घाला. त्यातून वास झिरपत नाही आणि तो बराच स्वस्त पडतो.