बेळगावच्या खडेबाजारजवळच्या बोळातलं घड्याळ दुरुस्तीचं दुकान: बोर्डाच्या तोंडावर माझं एचएमटी इथंच सुधारलं

मी मिलिटरी स्कूलचा, यंदा बारावी सीबीएसई दिली. ज्यांची पोरं बोर्डाला किंवा एनडीएच्या (सैन्यातल्या अधिकारी प्रशिक्षणाच्या) लेखीला बसणार आहेत आणि जुनं चावीचं घड्याळ वापरतात त्यांनी हे नक्की वाचा.

हॉस्टेलला मोबाईल नाही, स्मार्टवॉच परीक्षेला चालत नाही, काट्याचं साधं घड्याळ तेवढं चालतं. माझ्याकडं पप्पांचं एचएमटी जनता आहे, १७ ज्वेलचं (आत खडे बसवलेलं), रोज सकाळी चावी द्यायची. पहाटे पीटीचा फॉल-इन (रांगेत हजर राहायचं), मग क्लास, संध्याकाळी गेम्स, रात्री प्रेप (वर्गात बसून अभ्यास), आणि परीक्षा जवळ आली म्हणून यातलं काही सुटत नाही, शूज पॉलिश पण रोजचंच. अभ्यासाला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यानं, वीस मिनिटं इथं, अर्धा तास तिथं, त्यामुळं मनगटावरच्या घड्याळावर सगळा भरवसा.

डिसेंबरच्या सुट्टीत येळ्ळूरला घरी होतो तेव्हा झोपताना घड्याळ भावाच्या ब्लूटूथ स्पीकरवर ठेवायचो, तीच सपाट जागा हाताशी होती. सुट्टी संपवून शाळेत आलो आणि दुसऱ्याच दिवशी फिजिक्सची प्री-बोर्ड, म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा. माझ्या घड्याळात एक वीस झाले, दीडला पेपर संपणार, पाच मार्कांचे दोन प्रश्न बाकी, मी आकृती न काढताच भराभर खरडलं, पुरवण्या बांधून पेन खाली ठेवलं, तर बेल काही वाजेना. सर म्हणाले, "लास्ट ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स." हॉलचं घड्याळ माझ्या पाठीमागं होतं. परत पुरवणी सोडली पण डोकं चालेना, येत असलेलं डेरिव्हेशन चुकलं. ७० चा पेपर, त्यातले सात-आठ मार्क असेच गेले. लई वाईट वाटलं.

रविवारी पप्पा भेटायला आले, परवानगी काढून आम्ही बाजारात गेलो. पहिल्या दुकानात (नाव लिहीत नाही) मागचं झाकण पण न उघडता सांगितलं की मशीन झिजलंय, नऊशे रुपये होतील आणि गॅरंटी नाही, त्यापेक्षा नवीन सेलचं घ्या. एचएमटीनं २०१६ ला घड्याळं बनवायची बंद केली त्यामुळं पार्ट मिळत नाहीत हे आम्हाला पण खरंच वाटलं. पप्पा नवीन घ्यायला तयार झालेले, तेवढ्यात तिथल्याच एका गिऱ्हाईकानं बाहेर येऊन या बोळातल्या काकांचं नाव सांगितलं.

दुकान म्हणजे एक टेबल, एक बल्ब आणि काचेखाली शंभरेक घड्याळं. काकांनी घड्याळ हातात घ्यायच्या आधी विचारलं, "मागं पडूलाय काय पुढं जाऊलाय?" दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं पुढं, म्हटलं. "हळूहळू वाढलं काय एकदम?" एकदम. "मग झीज नव्हे गा. घड्याळ म्हातारं झालं की बहुतेक मागं पडतंय, असं एकदम पळत नाही."

मग त्यांनी ड्रॉवरमधनं बटणाएवढं होकायंत्र काढलं आणि घड्याळाच्या कडेला नेलं. सुई सरकन फिरली! मॅप रीडिंगला आम्हाला कायम सांगतात की कंपास लोखंडापासून लांब धरा, रायफलजवळ, बकलजवळ बेअरिंग (दिशेचा कोन) घेऊ नका, आणि तीच गोष्ट माझ्या मनगटावर झालेली. स्पीकरच्या चुंबकानं आतली केसासारखी स्प्रिंग भारली, तिचे वेढे एकमेकाला चिकटायला लागले, म्हणजे स्प्रिंग जणू आखूड झाली आणि ठोके देणारं बॅलन्स चाक भराभर हलायला लागलं. हे घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं, त्यात एवढासा फरक पडला तरी दिवसाला मिनिटांचा फरक पडतो, काकांनी ठोका कानाला लावून ऐकवला. एका छोट्या निळ्या डबीवर धरून बटण दाबलं, हळूहळू वर उचललं, झालं. पुन्हा होकायंत्र नेलं तर सुई जागची हलली नाही. तासभर बसवून घेऊन मोबाईलशी ताडलं आणि चाळीस रुपये घेतले.

तेल घाला, म्हणून पप्पा मागं लागले तर काका म्हणाले, "आत्ता नको. उघडलो आणि काय तर झालं तर पोराची पंचाईत. परीक्षा झाल्यावर आण." गिऱ्हाईक स्वतः पैसे द्यायला तयार असताना परत पाठवणारा माणूस मी तरी पहिल्यांदा बघितला, आणि याच्यासाठीच मी हे लिहितोय.

बोर्डाचे सगळे पेपर त्याच घड्याळावर काढले, साडेदहा ते दीड. एप्रिलला एनडीएचा मॅथ्सचा पेपर, अडीच तासात १२० प्रश्न, एकाला सव्वा मिनिट, तिथं पण दर तीस प्रश्नांनंतर काटा बघत गेलो आणि एकदाही घाई करावी लागली नाही.

परीक्षा संपल्यावर सर्व्हिसिंगला दिलं, साडेतीनशे रुपये, पण दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, तेव्हा घाईचं काम असेल तर आधीच स्पष्ट बोला. फोन पे नाही, रोख घेऊन जा. रविवारी दुपारी एकपर्यंतच उघडं असतं. दुकानावरची पाटी पुसलीय, बोळात शिरून उजव्या हाताला बल्ब लागलेला दिसेल. स्मार्टवॉच ते बघत नाहीत.