यू-टू, डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरूळ: जळगावहून जावं असा शो होता का? शंभर टक्के!

आधी निकाल सांगून टाकते, बाकीचं मग. रविवार, १५ डिसेंबर २०१९ चा यू-टू या आयरिश रॉक बँडचा शो पैसे वसूल तर होताच, पण मी आजवर लाइव्ह जे काही ऐकलंय त्यात हा सगळ्यात वर. आणि साठीला टेकलेल्या माणसांचा रॉक शो काय बघायचा असं ज्यांना वाटतं ना, त्यांच्यासाठीच खास लिहितेय.

तेव्हा गाणारा बोनो ५९ वर्षांचा, बास वाजवणारा अ‍ॅडम क्लेटन पण ५९, गिटारवाला एज आणि ड्रमवाला लॅरी मुलन दोघं ५८. १९७६ साली डब्लिनमध्ये १४ वर्षांच्या लॅरीने शाळेच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली होती की बँड काढायचाय, कोण कोण येतं, आणि तेव्हा जी पोरं जमली त्यातले हे चौघं या शोपर्यंत ४३ वर्षं एकत्र वाजवत आले होते, एकही बदललेला नव्हता. सख्ख्या भावांचं एवढं टिकत नाही हो. भारतात ते पहिल्यांदाच आले, आणि नोव्हेंबरात ऑकलंडला सुरू झालेल्या टूरचा हा शेवटचा शो.

मी आणि माझा भाचा गेलो. सकाळच्या गाडीने कल्याण, मग ठाणे, ठाण्याहून नेरूळची लोकल, स्टेशनपासून गर्दीच्या मागे मागे पायी. डिसेंबर म्हणजे भरिताचे दिवस, त्यामुळे डब्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या होत्या, त्या गाडीतच संपवल्या ते बरं झालं कारण आत बाहेरचं काही नेऊ देत नव्हते. आतल्या स्टॉलला रांगा मोठ्या, भाव त्याहून मोठे. पोट भरून जा, बस.

आता शो. सुरुवातीलाच जे केलं ते मला फार आवडलं. मागे ६१ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच पडदा, तो पूर्ण बंद. लॅरी एकटाच चालत आला, गर्दीत पुढे काढलेल्या छोट्या स्टेजवर जाऊन बसला आणि ड्रम सुरू केले. फक्त ड्रम. भाचा मला म्हणे, मावशी पडदा बिघडला का? म्हटलं थांब. मग एज आला, गिटार लागली, मग बाकीचे दोघं, आणि 'संडे ब्लडी संडे' सुरू झालं. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, १३ माणसं त्याच दिवशी गेली, त्यावरचं हे गाणं. एवढा महागडा पडदा हाताशी असताना तो न वापरता चार माणसं चार वाद्यं घेऊन हजारो लोकांसमोर उभी राहतात, याला आतून खात्री लागते, आणि ती इतक्या वर्षांच्या रियाजानेच येते असं माझं मत आहे.

मग सगळे मोठ्या स्टेजवर गेले, पडदा लाल झाला, त्यावर काळं झाड, आणि १९८७ चा 'द जोशुआ ट्री' अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत त्याच क्रमाने वाजवला. पडद्यावरच्या फिल्म अँटन कॉर्बाइनच्या, ज्याने त्या अल्बमच्या कव्हरचे फोटो काढले होते तोच. वाळवंटातला सरळ रस्ता, काळा-पांढरा, कॅमेरा पुढे पुढे जातोय आणि खाली एजची ती गिटार, एकेक सूर वाजवतो आणि त्याचा प्रतिध्वनी पुढच्या सुराच्या मधे येऊन बसतो त्यामुळे एक माणूस वाजवतोय असं वाटतच नाही. कॅसेटवर हे हजारदा ऐकलंय पण अंगावर असं येईल वाटलं नव्हतं, माझ्या हातावर काटा आला तो भाच्याला पण दिसला.

आवाजाबद्दल खरं लिहिते. बोनोचा वरचा सूर आता पूर्वीसारखा लांब टिकत नाही. काही ठिकाणी तो माइक लोकांकडे करतो, काही ठिकाणी ओळ थोडी फिरवून खाली आणतो. पण खालच्या पट्टीत आवाज इतका भरलाय की संथ गाणी मला रेकॉर्डपेक्षा चांगली वाटली. 'वन ट्री हिल'च बघा ना, १९८६ मध्ये डब्लिनला अपघातात गेलेल्या त्यांच्या एका न्यूझीलंडच्या सहकाऱ्यासाठी लिहिलेलं गाणं. गेलेल्या मित्राचं गाणं पंचविशीतला पोरगा गातो आणि साठीजवळचा माणूस गातो यात फरक पडतोच ना राव, तो फरक ऐकायला तर मी गेले होते. वाईट याचं वाटलं की नेमकं तेव्हाच आजूबाजूचे अर्धे लोक स्टॉलकडे निघाले. अल्बमची दुसरी बाजू संथ आहे, ज्यांना फक्त हिट गाणी माहीत त्यांना तो भाग लांबला असणार. अल्बमचं शेवटचं गाणं लॅटिन अमेरिकेत सैन्याने गायब केलेल्या पोरांच्या आयांवर आहे, पडद्यावर हातात मेणबत्त्या धरून उभ्या असलेल्या बाया. तेव्हा मात्र सगळे गप्प.

साउंडचं वेगळं लिहायला पाहिजे. आपल्याकडे लग्नात डीजे लागला की छातीत धडधड होते, खिडक्यांची तावदानं वाजतात पण गाण्याचा एक शब्द कळेल तर शपथ. इथे बास पोटात जाणवत होता आणि तरी शब्द न् शब्द कळत होता. लांब बसलेल्यांसाठी मधे वेगळे स्पीकर असतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडतात, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो म्हणजे शंभर मीटरवर बसलेल्याला स्टेजवरचा ठोका पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा पोचतो, दोन्ही जुळवले नाहीत तर सगळं दोनदोनदा ऐकू येईल. आपल्या मंडपवाल्यांनी, डीजेवाल्यांनी एकदा तरी असा शो बघावा असं फार वाटलं, आवाज मोठा करणं आणि आवाज नीट पोचवणं यातलं अंतर लगेच कळतं.

शेवटच्या भागात वेगवान गाणी, सगळं स्टेडियम उभं. एका गाण्याला पडद्यावर जगभरातल्या कर्तबगार बायकांचे फोटो आले, त्यात खून झालेल्या पत्रकार गौरी लंकेश दिसल्या तेव्हा मोठा आवाज उठला. ए. आर. रहमान पण आले, मुलींना घेऊन, त्यांनी आणि यू-टूने मिळून केलेलं 'अहिंसा' झालं. ते गाणं मला ठीकठाक वाटलं, रहमानना बघून भाचा मात्र खुर्चीवर उभा!

तिकिटाचं म्हणाल तर अशा शोला समोरच्या स्टँडमधलं वरचं स्वस्त तिकीट घ्या. आम्ही तेच घेतलं होतं. खाली उभं राहणाऱ्यांना माणसं जवळून दिसतात पण एवढा रुंद पडदा एका नजरेत मावत नाही. आणि परतीचं आधी ठरवा. सुटल्यावर रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, सरळ स्टेशनपर्यंत चाला. आपल्या खान्देशी माणसाचं कल्याण-डोंबिवलीला कोणी ना कोणी असतंच, त्यांना आधी फोन करून ठेवा की रात्री उशीर होईल, दार उघडा. सोमवारची रजा पण टाकून ठेवा भो.