रिमोट बिचारा निर्दोष सुटला: वायरलेस रोबोट गाडीच्या किटचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. किट घ्यायला हरकत नाही, पाचपैकी तीन स्टार, आणि ते तिन्ही स्टार पार्ट्सचे आहेत, सोबत जो वायरिंगचा कागद येतो त्याला शून्य, त्याच्यात पुडी बांधायची. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असलंच किट दहा जण दहा नावांनी विकतात, बॉक्स वेगळा आत माल तोच.

किट म्हणजे चार पिवळ्या बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या), चार चाकं, अ‍ॅक्रिलिकची प्लेट, आर्डुइनो उनोचा (प्रोग्राम घालायचा छोटा बोर्ड, गाडीचा मेंदू) स्वस्तातला भाऊ, एल-२९८एन मोटर ड्रायव्हर (उनोच्या हुकमाने मोटरींना करंट देणारा बोर्ड), जम्पर वायरींचा गुंता आणि प्लेस्टेशन २ ह्या व्हिडिओ गेमच्या धाटणीचा वायरलेस कंट्रोलर, त्याचा रिसिव्हर वेगळा. सगळं मिळून अडीच हजारांच्या आसपास पडलं. कुरियरवाला आमच्या गावात येत नाही, कुडाळला जाऊन आणावं लागलं, चतुर्थीला आठ दिवस होते. मुंबईचा भाचा येणार होता, आठवीत आहे, त्याने फोनवरच प्लॅन ठरवून टाकलेला की मामा, रात्री भजन झालं की प्रसादाचं ताट गाडीवरून सगळ्यांकडे न्यायचं. मी पण हो म्हटलं. आठ दिवस म्हणजे खूप झाले असं वाटलं होतं मला.

पहिले दोन दिवस कंट्रोलर सापडेचना. म्हणजे हातात होता, पण उनोला सापडेना, लॅपटॉपवर परत परत तोच मेसेज, कंट्रोलर नाही, वायरिंग बघा. वायरिंग मी सतरा वेळा बघितलं. रिसिव्हरचा लाईट लुकलुक करून स्थिर व्हायचा म्हणजे रिमोट आणि रिसिव्हर यांचं आपसात जुळलेलं, अडचण रिसिव्हर ते उनो ह्या चार बोटांच्या अंतरात. शेवटी कळलं ते असं, की या कंट्रोलरची डेटा लाईन स्वतः फक्त खाली ओढू शकते, वर ढकलू शकत नाही, तिला वर धरून ठेवायला डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये एक १० के चा (दहा हजार ओहमचा) रेझिस्टर लागतो. खरा प्लेस्टेशन असेल तर ही सोय त्याच्या आतच असते, इथे आपणच प्लेस्टेशन, तेव्हा सोय आपण करायची. रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर हो, किटमध्ये नाही आणि कागदावर त्याचा उल्लेखसुद्धा नाही. अजून एक, रिसिव्हरला जोडी जमवायला जरा वेळ लागतो आणि प्रोग्राम त्याआधीच विचारून मोकळा होतो, म्हणून सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचा डिले टाका. आणि रिमोटवरचं अ‍ॅनालॉगचं बटण दाबून लाल दिवा लावा, नाहीतर काड्या (रिमोटवरच्या दोन जॉयस्टिक) हलवत बसाल आणि आकडा हलणार नाही.

आता खरी मजा. लॅपटॉपला यूएसबीने जोडलेली असली की गाडी एकदम शहाणी, चाकं हवेत धरून पुढे मागे डावी उजवी सगळं करायची. यूएसबी काढली, जमिनीवर ठेवली की फूटभर उडी मारायची आणि थांबायची, दीडेक सेकंदाने परत उडी, परत थांब. मी म्हटलं रिमोट गंडलाय, रेंज नाही. रिमोटचे सेल बदलले. रिसिव्हर गाडीच्या नाकावर नेऊन चिकटवला. घरातलं वायफाय बंद केलं, तेही २.४ गिगाहर्ट्झवर असतं ना, त्यावरून मुंबईच्या पाहुण्यांच्या शिव्या खाल्ल्या (चाकरमानी एव्हाना यायला लागले होते, आणि त्यातला प्रत्येक जण इंजिनिअर, जो नाही तो पण). उडी-थांब तसंच चालू.

तेव्हाच कंपनीला ईमेल केला की रिमोट खराब आहे. ते पुढे येईल.

कारण होतं बॅटरीत. किटमध्ये फुकट एक चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी देतात, ती देऊन खरं तर आपल्याला फसवतात, कारण ती बॅटरी मल्टिमीटरसारख्या थोडा थोडा करंट खाणाऱ्या वस्तूंसाठी असते, चार मोटरी एकदम उठल्या की ती गुडघ्यावर बसते. थांबलेली मोटर सुरू होताना, चालत असताना लागतो त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, ते काय, चिऱ्याच्या फाटी, सांध्यासांध्यात चाक अडकतं. व्होल्टेज क्षणभर पडलं की उनो रिसेट, परत जागा होतो, परत काडी पुढे बघतो, परत चारी मोटरी एकदम, परत रिसेट. मल्टिमीटरवर हे नीट दिसत पण नाही कारण तो दमादमाने आकडा दाखवतो, खड्डा येऊन गेलेला असतो.

मग दोन १८६५० सेल, म्हणजे चार्ज होणारे लिथियमचे, आणले. जवळच्या बाजारात एका दुकानात मिळाले, वर लिहिलंय ९८०० एमएएच. ह्या आकाराच्या चांगल्या कंपनीच्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजारापर्यंत मावतं, त्यामुळे ९८०० वाचलं की समजायचं काय ते, पण मला तेव्हा कुठे माहीत. आईचा काजूगर मोजायचा काटा आहे त्याच्यावर ठेवला तर एक सेल ३१ ग्रॅम, चांगला सेल ४५ च्या आसपास भरतो. म्हणजे आत हवाच जास्त. आई म्हणाली, "मेल्या, काजूच्या काट्यार आता ह्या काय मोजतंस?" पण तिलाच समजलं पहिल्यांदा, वजनात खोट असलेला माल तिने जन्मभर ओळखलाय.

चांगले सेल ऑनलाइन मागवेपर्यंत वेळ नव्हता, कुडाळला एक ओळखीचा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले काढून देतो त्याच्याकडून दोन घेतले, तपासून. सुधारणा झाली पण पूर्ण नाही. आणि इथे एल-२९८एनचा हिशोब समजून घ्या, हा ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा आहे, आत मॉस्फेट (व्होल्टेज फारसा न खाणारे नवे ट्रान्झिस्टर) नाहीत, तो स्वतःच साधारण दोन व्होल्ट खातो. दोन सेलचे ७.४, त्यातले दोन गेले, मोटरला उरले साडेपाचच्या आत. ते एक वेळ चालेल. पण कागदावर उनोचा ५ व्होल्टसुद्धा ह्याच ड्रायव्हरवरच्या रेग्युलेटरमधून घ्यायला सांगितलाय, आणि त्या रेग्युलेटरला पाच द्यायला वरून सातच्या आसपास तरी हवे. मोटरी उठल्या की सेल साडेसहावर येतात. पाच कुठून येणार? जो कोणी हा कागद काढला त्याने गाडी कधी जमिनीवर ठेवलीच नसणार.

म्हणून मी ड्रायव्हरवरून उनोला जाणाऱ्या दोन्ही वायरी उपटल्या आणि उनोला वेगळी पॉवर बँक लावली. शाबास. आता रिसेट होईना पण मोटरी पण हलेनात, हलल्या तर अंगात आल्यासारख्या. चतुर्थी परवावर. गाडी पिशवीत घातली आणि कुडाळला टीव्ही दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे तिथे गेलो, म्हातारे गृहस्थ, आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही म्हणून मिक्सर आणि चार्जिंगच्या बॅटऱ्या करतात. त्यांनी आर्डुइनो आयुष्यात बघितला नव्हता. चष्मा कपाळावर सरकवून दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि विचारलं,

"ग्राऊंड एक केलास काय रे?"

"नाय."

"मग खयसून चलतली?"

एक काळी वायर. ड्रायव्हरच्या ग्राऊंडपासून उनोच्या ग्राऊंडपर्यंत. दोन वेगळ्या बॅटऱ्या असतील तर दोघांचं शून्य एकच पाहिजे, नाहीतर उनो म्हणतो मी पाच दिले आणि ड्रायव्हर म्हणतो कुठल्या शून्यापासून पाच. मी उपटलेल्या दोन वायरींत ही पण गेली होती. पैसे घेतले नाहीत, वर चार मोटरींच्या टोकांवर एकेक १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर डागून दिला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांचा जो कचरा वायरींत येतो तो तिथल्या तिथे गिळायला. ह्या दुकानाला पाचपैकी सहा स्टार. रविवारी बंद, आणि बाकीच्या दिवशी पण दुपारी एक ते चार बंद, झोप म्हणजे झोप.

पॉवर बँकची एक खोड, उनो एवढा कमी करंट खातो की काही पॉवर बँकना वाटतं फोन काढला आणि त्या आपोआप बंद होतात. माझी जुनी होती, तिला एवढी अक्कल नव्हती म्हणून चालली.

एक चूक तर चक्क छापील आहे. कागदावर ड्रायव्हरचा एक वेगाचा पिन उनोच्या ५ ला आणि दुसरा ७ ला दाखवलाय. उनोवर पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमी-जास्त करायची सोय, फक्त ३, ५, ६, ९, १०, ११ ह्या पिनांना. ७ ला तुम्ही वेगाचा आकडा (० ते २५५) शंभर लिहा नाहीतर दोनशे लिहा, १२८ च्या खाली सगळं बंद आणि वर सगळं फुल्ल. त्यामुळे एका बाजूची चाकं हळूहळू निघायची आणि दुसऱ्या बाजूची आधी रुसून बसायची मग एकदम सुटायची, गाडी फुगडी घातल्यासारखी गरगर. ७ ची वायर ६ ला घातली, प्रोग्राममध्ये आकडा बदलला, पाच मिनिटांचं काम. शोधायला मात्र अख्खी दुपार.

तर चतुर्थीच्या रात्री भजन झालं. गाडीवर स्टीलचं ताट, ताटात पंचखाद्य. भाचा रिमोट घेऊन, मी मागे. गाडी गणपतीकडे पाठ करून भजनी मंडळींकडे निघाली, बुवांपर्यंत पोचली, बुवांनी मूठ भरली, सगळे खूश, मोबाईल वर. तिथून पुढे निघाली आणि पखवाजाच्या कडेला चाक आपटलं. भाच्याच्या हातात काडी मधोमध, मी स्वतः बघितलंय. आणि गाडी उलटी सुटली. फुल्ल. सरळ मागे गणपतीवरच्या माटवीच्या दिशेने, समईवर. पोरगं ओरडतंय मामा मी काही केलं नाही, ताट वाटेत सांडलं, आणि आत्याने बसल्या जागेवरून पाय आडवा घातला म्हणून वाचलो. चाकं हवेत धरली तरी फिरतच होती, शेवटी सेल उपटला. आई एवढंच म्हणाली, "ता खेळणा आधी हयसून उचल."

परत सगळ्यांचं एकमत, रिमोट खराब.

रात्री सगळे झोपल्यावर पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो. रिमोटच्या काड्या ० ते २५५ आकडे देतात, मधोमध १२७ किंवा १२८, उभ्या दिशेला पुढे म्हणजे ० आणि मागे म्हणजे २५५. मी रिसिव्हरची डेटाची वायर मुद्दाम ओढली. दोन काड्यांचे उभे-आडवे मिळून चारही आकडे २५५. झालं, उलगडलं. वायर सुटली की तो आपला १० के चा रेझिस्टर लाईन वर धरून ठेवतो, सगळे बिट एक, म्हणजे २५५, म्हणजे प्रोग्रामला वाटतं दोन्ही काड्या पूर्ण मागे. पखवाजाचा धक्का लागून वायर ढिली झाली होती. ढिली का, तर ह्या जम्पर वायरींच्या टोकांची पकड मुळातच बेताची, त्यात आमची खारी हवा आणि भाद्रपदातली दमट, आठवड्यातच पिना हिरवट पडायला लागलेल्या. देवगड ते वेंगुर्ला कुठेही राहत असाल तर हे वाचून ठेवा, जम्पर वायरवर चालणारी वस्तू इकडे पावसाळ्यात टिकत नाही, डागून टाका आणि वर थोडा हॉट ग्लू सोडा.

आणि प्रोग्राममध्ये दोन ओळी घाला, चारही आकडे एकाच वेळी २५५ आले तर मोटरी बंद. माणूस दोन्ही काड्या एकाच वेळी मागच्या-उजव्या टोकाला सहसा नेत नाही. मधल्या १२८ च्या आजूबाजूला दहाएक आकड्यांची ढिलाई पण ठेवा, नाहीतर काडी सोडली तरी मोटरी गुणगुणत राहतात. कंपनीच्या नमुन्याच्या प्रोग्राममध्ये यातलं काही नाही.

ग्राहक सेवेबद्दल. माझ्या ईमेलला चौथ्या दिवशी उत्तर आलं, त्यात लिहिलेलं की कृपया रिमोटचे सेल बदलून बघा. मी परत लिहिलं. मग त्यांनी काहीही न विचारता नवीन रिमोट पाठवला, रिसिव्हरसकट, अनंत चतुर्दशीनंतर पोचला. ह्याला चांगलं म्हणायचं की वाईट मला कळत नाही, माणसं वागायला सज्जन आहेत, फक्त रेझिस्टर आणि एक दुरुस्त कागद पाठवला असता तर त्यांचा रिमोट वाचला असता आणि माझी चतुर्थी.

बाकी किरकोळ. चाकं गुळगुळीत फरशीवर घसरतात. समुद्रावर वाळूत नेऊ नका, मोटरच्या प्लास्टिक गिअरमध्ये वाळू गेली की करकर सुरू होते आणि थांबत नाही, आम्ही विसर्जनाला मालवणच्या चिवल्याला नेली होती, एक मोटर तिथेच अर्पण. प्लेटचे स्क्रू दोन कमी आले. मी आता एल-२९८एन काढून टीबी६६१२ हा मॉस्फेटवाला ड्रायव्हर लावणार आहे, तो व्होल्टेज फार कमी खातो, तेवढ्याच सेलवर गाडी जास्त जोरात पळेल.

भाचा दुसऱ्या रिमोटसकट मुंबईला गेला. ते ९८०० वाले सेल दुकानदाराने परत घेतले नाहीत, म्हणाला वापरलेला माल चालत नाही. एक टॉर्चमध्ये टाकलाय, लाईट गेली की विहिरीपर्यंत जाऊन यायला पुरतो. येताना थोडा मंद होतो.