बॅले की कथक? ताईच्या मुलासाठी लिहायला बसले आणि मोठंच झालं

ताईचा मुलगा सात वर्षं कथक करतोय आणि गेल्या वर्षी त्याने बॅलेचा क्लासपण लावला, आता दहावी झालीये आणि तो म्हणतोय मावशी मला बॅलेच करायचंय, मोठ्या बॅले कंपनीत प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य भूमिका करणारा डान्सर व्हायचंय. मी स्वतः कोथरूडला कथक शिकवते, त्यामुळे ताईला वाटलं मी त्याला समजावेन. पण दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तेव्हा माझं मत जरा वेगळंच झालं.

सगळ्यात मोठा फरक वयाचा, म्हणजे कितव्या वर्षापर्यंत नाचता येतं याचा, आणि तोच लोक सगळ्यात शेवटी बघतात. १९३८ च्या फेब्रुवारीत कथकचे बिरजू महाराज जन्मले आणि मार्चमध्ये सायबेरियातून जाणाऱ्या ट्रेनमध्ये बॅलेचा रुडॉल्फ नुरेयेव, म्हणजे दोघांत जेमतेम दीड महिन्याचं अंतर. महाराजजी नऊ वर्षांचे असताना वडील गेले, तेराव्या वर्षी ते दिल्लीत संगीत भारतीत शिकवत होते, आणि सत्तरीनंतरसुद्धा नुसतं बसून, डोळे आणि हात एवढ्यावर ठुमरीचा भाव करायचे तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी! नुरेयेवचं उलटं. सतराव्या वर्षी लेनिनग्राडच्या बॅले शाळेत गेला, १९६१ ला पॅरिसमध्ये रशियाची साथ सोडली, पुढच्याच वर्षी लंडनला तिथली मोठी बॅलेरिना मार्गो फॉन्टेनबरोबर नाचला आणि जग वेडं झालं. पण उड्या शरीर मारतं, नाव मारत नाही. तो थांबला नाही आणि १९९१ च्या ब्रिटनच्या दौऱ्यात लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. हे वाचताना मला अजून त्रास होतो.

बेचाळीस हा आकडा लक्षात ठेवा. पॅरिस ऑपेराच्या डान्सर्सना बेचाळिसाव्या वर्षी पेन्शनवर निवृत्त करतात. बॅलेचा दुसरा मोठा स्टार बॅरिश्निकोव्ह बेचाळीसचा होता तेव्हा, १९९० ला, त्याने नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिसबरोबर व्हाइट ओक नावाचा डान्स ग्रुप काढला आणि मॉडर्न डान्सकडे वळला. क्यूबाचा कार्लोस अकोस्टा, ट्रक ड्रायव्हरच्या अकरा मुलांतला शेंडेफळ, त्यानेही २०१५ ला बेचाळिशीतच रॉयल बॅलेच्या प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि २०२० पासून तो बर्मिंगहॅम रॉयल बॅले चालवतोय. म्हणजे वीस-बावीस वर्षं स्टेज, मग दुसरं आयुष्य. कथकवाल्याला हा हिशोब करावाच लागत नाही, चक्कर, म्हणजे गिरक्या, कमी झाले की अभिनय वाढतो, पढंत (तोंडाने बोल म्हणणं) वाढते.

सुरुवातीचा मुद्दा मात्र मुलग्यांच्या बाजूने आहे. बॅलेत मुलीला पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायला पावलं लहानपणापासून तयार करावी लागतात, मुलग्यांना ते नसतं, त्यांना उडी, फिरक्या आणि पार्टनरला उचलायची ताकद लागते आणि ती सतरा-अठराला पण येते. दिल्लीच्या ई-रिक्षावाल्याचा मुलगा कमल सिंगने सतराव्या वर्षी सुरुवात केली आणि २०२० ला लंडनला इंग्लिश नॅशनल बॅलेच्या शाळेत गेला (फीचे पैसे लोकांनी वर्गणीने जमवले). स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या बॅले स्पर्धेला पंधरा ते अठरा वयाची मुलं जातात. आमच्याकडे तीन वर्षं आहेत, बस.

पुण्यात कथकला काय कमी नाही. रोहिणीताई भाटेंनी १९४७ ला नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून इथे तिहाईवर (तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्यावर) योग्य जागी दाद देणारा प्रेक्षक तयार झालाय, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथकची डिग्री आहे, गांधर्वच्या परीक्षा आहेत. बॅलेचं तसं नाही, संध्याकाळचा क्लास मिळतो, पण दिवसाचे सहा तास बार (दांड्याला धरून करायचा सराव), उड्या, पार्टनरिंग हे इथे होणार नाही, म्हणजे सोळा-सतराला घर सोडायचंच.

पैशाचं थोडक्यात. तिकडे कंपनीत गेलात की महिन्याचा पगार असतो, खालच्या रांगेतल्यालासुद्धा. इकडे आपण कार्यक्रम करायचा तर तबला, पेटी, हॉलचं भाडं, लाईट सगळं बऱ्याचदा आपल्याच खिशातून जातं आणि घर क्लासवर चालतं. मी वीस वर्षं तेच करतेय. पण कंपनीपर्यंत पोचणारे किती कमी असतात हेही ताईला सांगितलंय, गुडघा किंवा घोटा एकदा गेला की वर्ष जातं.

तर माझं मत. मुलगा आठ-दहा वर्षांचा असेल आणि नुसती आवड असेल तर कथकच लावा, लय पक्की होते. पण पंधराचा आहे, रोज स्वतःहून पहाटे उठून स्ट्रेचिंग करतोय आणि उडी खरंच चांगली आहे, तर मी बॅलेला आत्ता हो म्हणेन, कारण कथक पंचविशीतसुद्धा त्याला परत घेईल आणि बॅले घेणार नाही. हे लिहिताना हात जड झाला, माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी आहे तो.

ताईबरोबर असं ठरलंय की अकरावीचं ॲडमिशन घ्यायचं, ऑडिशनचे व्हिडिओ दिवाळीपर्यंत तयार करायचे, आणि त्याआधी स्पोर्ट्सच्या फिजिओकडून पावलं आणि हिप्स तपासून घ्यायचे, टर्नआउट, म्हणजे पाय हिपपासून बाहेर वळणं, हाडातच नसेल तर जबरदस्ती करायची नाही. गुरुवारी तो अजून माझ्याकडे येतो, घुंगरू त्याने परत मागितलेले नाहीत आणि मीही दिलेले नाहीत.